मरण वसूल झाले पाहिजे?

लढाईच्या जपानी ॲनिमे मालिका पाहणाऱ्या तरुण मंडळींकडून एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. कथेतला एखादा वीर स्वतःचा जीव देतो तेव्हा त्या जिवाचे मोल कथेने चुकते केलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे असते. शत्रू मेला पाहिजे. मेला नाही तर निदान लंगडा झाला पाहिजे. तेही नाही तर मागे राहिलेल्यांना पळून जाण्याइतकी उसंत तरी मिळाली पाहिजे. यांतले काहीच घडले नाही, तर लेखकाने त्या वीराशी बेइमानी केली असे समजावे. 'फुकट मेला' एवढा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. सिनेमाच्या तिकिटाबद्दल आपण 'पैसा वसूल' म्हणतो. हा 'मरण वसूल'चा हिशेब झाला.

आमचा या मागणीला विरोध आहे, आणि तो गुळमुळीत नाही. ही मागणी न्यायाची भाषा बोलते. पण तिच्या पोटात न्याय नाही, सौदा आहे. हा सौदा एकदा खराखुरा केला गेला होता, त्याच जपानात, आणि त्याची किंमत हजारो पोरांनी मोजली आहे. म्हणून हा विषय 'कार्टूनचा' म्हणून उडवून लावण्यासारखा आम्हांला वाटत नाही. साहित्याच्या वार्षिकात याची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच सांगतो, की दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीस कार्टून नेटवर्कवर हिंदीतून 'ड्रॅगन बॉल झी' पाहत वाढलेली मुले आज बापमाणसे झाली आहेत. मरण म्हणजे काय, कुणासाठी मरावे, मेल्यावर काय उरते, याचे पहिले धडे त्यांतल्या कित्येकांनी कादंबऱ्यांतून घेतलेले नाहीत. या पडद्यावरून घेतले आहेत.

तक्रारदारांचा सर्वांत आवडता पुरावा आधी घेऊ. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये नाप्पा नावाचा धिप्पाड योद्धा पृथ्वीवर उतरतो. चाओझू हा चिमुकला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा, सगळ्यांत दुबळा गडी त्याच्या पाठीला घट्ट चिकटतो आणि स्वतःला उडवून देतो. धूर विरतो. नाप्पा जसाच्या तसा उभा! अंगावर ओरखडा नाही. चाओझूचा जिवलग तेनशिनहान, एक हात आधीच तुटलेला, उरलेली सगळी शक्ती एका घावात ओततो आणि कोसळून मरतो. तरीही नाप्पा उभाच. मग लहानग्या गोहानवर येणारा प्रहार पिक्कोलो स्वतःच्या छातीवर झेलतो. तीन जीव गेले आणि नाप्पाच्या खात्यात काहीच जमा झाले नाही. मंडळी म्हणतात, अकिरा तोरियामा यांनी चाओझूचे मरण केवळ नाप्पाची ताकद दाखवायला वापरले. वजनकाट्यावर माप टाकावे तसे.

यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला हा प्रसंग आठवतो त्याला नेमके काय आठवते? नाप्पाचे चिलखत आठवत नाही. मरण्याआधी चाओझू तेनशिनहानचा निरोप घेतो ते आठवते, आणि मित्राला थांबवू न शकलेल्या तेनशिनहानचा चेहरा आठवतो. पिक्कोलोचे तर विचारूच नका. एके काळी गोकूचा खून करायला निघालेला हा राक्षस गोकूच्याच पोरासाठी मरतो. त्या मरणाने नाप्पाचे काय बिघडले हा प्रश्न तिथे कुणाला सुचत असेल, तर त्याने कथा पाहिली नाही, धावफलक पाहिला.

आणि मोबदला पुरेपूर मिळालेले मरण हवे असेल तर तेही याच मालिकेत, याच्या थोडे आधी आहे. गोकू आपल्या भावाला, रॅडिट्झला, मागून मिठी मारून धरतो आणि पिक्कोलोचा किरण दोघांच्याही शरीरांतून आरपार जातो. शत्रू मेला, पोरगा वाचला, हिशेब चोख. पण रॅडिट्झच्या कानाला लावलेल्या यंत्रातून ही सगळी हकिगत दूर अंतराळात ऐकू गेलेली असते, आणि तीच ऐकून नाप्पा आणि व्हेजिटा पृथ्वीकडे निघतात. म्हणजे वसूल झालेल्या पहिल्या मरणानेच पुढची तीन मरणे दारात आणली. असल्या खात्यात जमा कशाला म्हणायचे आणि खर्च कशाला?

ही मागणी येते कुठून, तेही पाहिले पाहिजे. यांतल्या बऱ्याचशा कथा ज्या साप्ताहिकातून आल्या ते 'शोनेन जम्प' १९६८ साली निघाले. मैत्री, परिश्रम आणि विजय हे तीन शब्द त्या साप्ताहिकाची ओळख म्हणून सांगितले जातात. शब्द निरुपद्रवी दिसतात. पण त्यांचा क्रम पाहा. मैत्री करा, कष्ट करा, मग विजय मिळेल. वर्षानुवर्षे दर आठवड्याला हा क्रम वाचणाऱ्याच्या मनात तो करार होऊन बसतो. जास्त कष्ट, जास्त विजय. आणि सगळ्यांत मोठा कष्ट म्हणजे जीव देणे. तेव्हा त्यावरचे व्याजही सगळ्यांत मोठे असणार! ग्राहकाने पावती दाखवावी तसा वाचक मग मृतदेह दाखवतो आणि म्हणतो, माल द्या.

नवल असे, की या करारावर सगळ्यांत नेमके बोट ठेवले ते या धाटणीतल्याच लेखकांनी. हिरोमु अराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'चा (२००१ ते २०१०) सारा डोलारा एका नियमावर उभा आहे: काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात. एकाचे सगळे शरीर जाते, दुसऱ्याचे आधी पाय आणि मग भावाचा आत्मा अडकवून ठेवण्यासाठी हात. आई येत नाही. पुढची सगळी कथा म्हणजे हा नियम खरा आहे काय याची उलटतपासणी आहे. २००३ च्या मालिकेत तर खलनायिकाच नायकाला तोंडावर विचारते, की तुझ्याइतकेच राबलेले आणि तरी परीक्षेत नापास झालेले लोक तू पाहिले नाहीस काय? त्यांच्या कष्टांचे मोल कुणी दिले? नायकाकडे उत्तर नसते, आणि आमच्याकडेही नाही. मूळ चित्रकथेच्या शेवटी धाकटा भाऊ वेगळाच हिशेब मांडतो: दहा मिळाले तर त्यात आपले एक घालून अकरा परत करावेत. व्यापाऱ्याच्या वहीत न बसणारा हा हिशेब आहे. आम्हांला तो मान्य आहे.

शब्दांकडेही जरा पाहू. मराठीत या एका कृतीसाठी बलिदान, आत्माहुती, प्राणार्पण, हौतात्म्य, कुर्बानी असे किती शब्द आहेत. कुर्बानीच्या धातूत जवळ जाण्याचा अर्थ आहे. दान, अर्पण, आहुती यांत हातातून सोडण्याचा. यांतला एकही शब्द बाजारातून आलेला नाही. जे हातातून सोडायचे त्याची पावती मागण्याची सोय या भाषेत कुणी करून ठेवलेली नाही.

'हंटर हंटर'मध्ये योशिहिरो तोगाशी यांनी तर सौदा अक्षरशः पुरा करून दाखवला आहे. त्या जगात माणसाने स्वतःवर जितकी कठोर अट घालावी तितके त्याचे बळ वाढते. म्हणजे तक्रारदारांना हवा तसा न्यायी विश्वनियमच. वृद्ध नेतेरो मुंग्यांचा राजा मेरुएम याच्याशी लढतो आणि हरतो. पण त्याने आपल्या छातीत एक बॉम्ब दडवलेला असतो. हृदय थांबले की तो फुटणार. तो फुटतो. राजा जळून काळाठिक्कर होतो. सेवक आपले मांस देऊन त्याला पुन्हा उभा करतात. पण स्फोटातले विष त्याच्या अंगात भिनलेले असते आणि अखेर राजाही मरतो, सेवकही मरतात. एका म्हाताऱ्याच्या जिवाच्या बदल्यात मानवजात वाचली! यापेक्षा फायद्याचा सौदा कुठला? आणि तरीही ते भाग पाहून कुणी टाळ्या वाजवलेल्या आम्ही पाहिल्या नाहीत. कारण तोवर तो राजा एका आंधळ्या मुलीबरोबर पटावर बसून माणूस व्हायला शिकत असतो. शेवटी तो तिच्याच शेजारी अंधारात विझतो आणि विष तिलाही लागते. मोबदला पै न पै मिळतो आणि पाहणाऱ्याची मान खाली जाते. ज्यांना वसुली हवी आहे त्यांनी हे भाग पुन्हा एकदा पाहावेत.

आता आम्ही ज्याला खराखुरा सौदा म्हटले त्याकडे वळतो. हा भाग पडद्यावरचा नाही.

१९३२ साली शांघायच्या लढाईत तीन जपानी सैनिक काटेरी तारांचे कुंपण उडवण्यासाठी स्फोटकांची नळी घेऊन धावले आणि स्फोटात मेले. वृत्तपत्रांनी त्यांना मानवी बॉम्ब म्हणून डोक्यावर घेतले. त्यांच्यावर गाणी झाली, नाटके झाली, चित्रपट निघाले. तीन जीव गेले, कुंपण फुटले, वाट मोकळी झाली. मोबदला मिळालेल्या मरणाची ही पाठ्यपुस्तकी गोष्ट होती, आणि ती ऐकत एक पिढी मोठी झाली. पुढे मे १९४३ मध्ये अट्टू बेटावरची जपानी तुकडी जवळजवळ संपूर्ण कापली गेली, तेव्हा सरकारने त्या पराभवाला 'ग्योकुसाई' म्हटले. अर्थ असा, की रत्नाने फुटून जावे. शब्द सुंदर आहे. सुंदर शब्दांची हीच तर भीती वाटते.

२५ ऑक्टोबर १९४४ रोजी, फिलिपिन्सजवळच्या लेते आखातात, 'खास हल्ला' करणाऱ्या पहिल्या तुकडीतल्या एका विमानाने सेंट लो ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवली. एक विमान, एक माणूस, एक जहाज. यापेक्षा स्वस्त गणित कुठल्या सेनापतीला सापडले असते? मग ते गणित चालूच राहिले. युद्ध संपेपर्यंत चार हजारांच्या आसपास वैमानिक असे गेले, आणि त्यांतले बहुतेक कुठल्याही जहाजापर्यंत पोहोचले नाहीत. क्यूशूमधल्या चिरान इथे, जिथून १९४५ मध्ये लष्कराची अशी विमाने उडाली, आज संग्रहालय आहे. तिथे त्या पोरांची छायाचित्रे आणि पत्रे लावलेली आहेत. ज्यांनी 'अमक्याने अमुक मिळवले पाहिजे' अशा भाषेत मरणाकडे पाहिले, त्यांच्या लेखी या पोरांतले बहुतेक 'फुकट' गेले. हा शब्द उच्चारण्याआधी ज्याने त्याने आपल्या जिभेला विचारावे.

आणि यामातो. जगातली सर्वांत मोठी युद्धनौका म्हणून बांधलेले हे जहाज एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाकडे पाठवण्यात आले. किनाऱ्यावर जाऊन रुतायचे आणि तिथून तोफा डागत राहायचे, असा बेत. वर विमानांचे छत्र नाही. परत येण्याचा विचार नाही. ७ एप्रिलला अमेरिकन विमानांनी दोन तासांत तिला तळाशी पाठवले. ओकिनावा दिसलेदेखील नाही. तीन हजारांहून अधिक खलाश्यांपैकी तीनशेसुद्धा वाचले नाहीत.

चित्रकथेच्या दुनियेत या सगळ्याचे उत्तर एका माणसाने दिले आहे. शिगेरू मिझुकी हे न्यू ब्रिटन बेटावर साधे शिपाई होते. तिथे त्यांचा डावा हात गेला. १९७३ साली त्यांनी 'सोइन ग्योकुसाई सेयो' ही चित्रकथा काढली. नावातच हुकूम आहे: सगळ्यांनी रत्नासारखे फुटून मरा. कथेत एक तुकडी अखेरच्या हल्ल्याला निघते, पण काही सैनिक जिवंत राहतात. आता अडचण अशी, की ती सगळी तुकडी वीरमरण पावली असे मुख्यालयाला कळवून झालेले असते. वहीत नोंद झाली; माणसे मात्र शिल्लक उरली. मग नोंद खोडण्यापेक्षा माणसे खोडणे सोपे म्हणून त्यांना पुन्हा मरायला पाठवतात. आमच्या मते मरणाच्या मोबदल्याविषयी जगात जे काही लिहिले गेले आहे त्यात याहून कठोर पान सापडणे अवघड आहे. हिशेब जुळला पाहिजे ही हौस शेवटी कुठवर जाते, ते त्यात दिसते.

हे सांगितल्यावर १९७८ चा तो चित्रपट समजून घेणे सोपे जाते. 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका १९७४ साली आली होती. समुद्रतळाचे तेच जहाज अंतराळात उडते आणि पृथ्वी वाचवते. १९७८ च्या ऑगस्टमध्ये 'अलविदा यामातो' आला. शेवटी तरुण कप्तान कोदाई, मेलेल्या प्रेयसीला शेजारी बसवून, जहाज शत्रूच्या महाकाय नौकेवर नेतो. उजेड. समाप्त. चित्रपटगृहांत पोरे हमसून रडली. काहींनी तेव्हाच आक्षेप घेतला, की हे १९४५ चे उदात्तीकरण आहे. आमचाही आक्षेप तोच आहे: खऱ्या यामातोला जे मिळाले नाही ते या यामातोला मिळवून दिले. तीन हजार खलाश्यांचे मरण पडद्यावर वसूल करून घेतले! मेलेल्यांना यात काही मिळाले नाही. ज्यांनी त्यांना पाठवले त्यांना मात्र तेहेतीस वर्षांनी सूट मिळाली.

त्यावर कडी अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरात दूरदर्शनसाठी तीच कथा पुन्हा सुरू झाली आणि तिच्या शेवटात कोदाई जिवंत राहिला. १९८० मध्ये पुढचा चित्रपटही आला. अलविदा म्हणून रडवले, आणि वर्ष सरायच्या आत पाहुणे परत दारात! आम्हांला अन्याय दिसतो तो इथे. मरण निष्फळ ठरले हा अन्याय नाही. मरण परत केले हा अन्याय आहे. दुकानातून नेलेली वस्तू आवडली नाही म्हणून परत करावी, तसे. 'ड्रॅगन बॉल'ही या पापातून सुटत नाही. सात गोळे जमवले की मेलेला उठतो, हे एकदा कळल्यावर जीव देणे म्हणजे उसनवारी होऊन बसते. गोकू फुटायला आलेल्या सेलला घेऊन दूरच्या ग्रहावर जातो आणि तिथे मरतो, तेव्हा डोळ्यांत पाणी येते खरे. पण त्या पाण्यात मीठ कमी असते. माजिन बूसमोर स्वतःला उडवून देणारा व्हेजिटा तेवढा अपवाद. त्याचा स्फोटही वायाच जातो, बू पुन्हा जुळून उभा राहतो. पण आजवर ज्याने पोराला कधी जवळ घेतले नव्हते तो बाप त्या दिवशी त्याला पहिल्यांदा मिठीत घेतो. आणि मेल्यावर गोकूची भेट होईल काय असे पिक्कोलोला विचारतो, तेव्हा त्याला 'नाही' हे उत्तर मिळते: तुझ्या हातून जेवढे बळी गेले, तेवढ्यानंतर नाही. हे ऐकूनही तो जातो. सौदा करणारा माणूस तिथेच माघारी वळला असता.

कोदाईच्या काही महिने आधी, मार्च १९७८ मध्ये, योशियुकी तोमिनो यांची 'झाम्बॉट ३' संपली होती. तिची आठवण मंडळींना फारशी नसते, हे दुर्दैव. परग्रहावरून येऊन कित्येक पिढ्या जपानात राहिलेले एक कुटुंब पृथ्वीसाठी लढते, आणि ज्यांच्यासाठी लढते तेच शेजारी त्यांना शिव्या घालतात: तुम्ही होता म्हणून संकट आले. घरातली वडीलधारी माणसे एकामागून एक शत्रूवर आदळून मरतात. शेवटी कापेईची दोन भावंडेही. मग शत्रूचे मरणारे यंत्र त्या एकट्या उरलेल्या पोराला विचारते, की या लोकांसाठी लढलास, तुझे आभार कोण मानणार आहे? मोबदल्याचा प्रश्न इतक्या उघडपणे कुठल्या मुलांच्या मालिकेने विचारला असेल असे आम्हांला वाटत नाही. आणि लक्षात घ्या, तो प्रश्न शत्रूच्या तोंडी आहे.

एवढे वाचून काही जण म्हणतील, ठीक आहे. मग लेखकाने वाटेल त्याला वाटेल तसे मारावे, युद्ध असेच असते, वास्तव असेच असते. या दुसऱ्या पंथाशीही आमचे भांडण आहे, आणि ते पहिल्यापेक्षा कमी नाही. वास्तवाच्या नावाखाली पात्रांची बोकडासारखी कत्तल करणारे लेखक आम्हांला शूर वाटत नाहीत.

'नारुतो'मधला नेजी घ्या. मासाशी किशिमोतो यांनी हे पात्र मोठ्या मेहनतीने उभे केले होते. ह्यूगा घराण्याच्या धाकट्या पातीत जन्मला म्हणून लहानपणीच त्याच्या कपाळावर शिक्का मारलेला. थोरल्या पातीचे रक्षण करणे हेच त्याचे नशीब. त्याचा बाप जुळ्या भावाच्या जागी मरायला गेला. म्हणून नेजी म्हणतो, नशीब ठरलेले असते. नारुतो त्याला हरवतो आणि वचन देतो, की मी होकागे झालो की ह्यूगांची ही रीत बदलीन. वाचकांनी ते वचन वर्षानुवर्षे जपले. मग महायुद्धात नेजी हिनाता आणि नारुतो यांच्या आड येतो, अंगात खुंट घुसतात, मरतो. कपाळावरचा शिक्का पुसला जातो. ती दोघे वाचली, म्हणजे वसुलीवाल्यांच्या हिशेबात मरण वसूल झाले. आम्ही मात्र म्हणतो, की या धाटणीतले हे सर्वांत अन्यायाचे मरण आहे. कारण थोरल्या पातीसाठी धाकट्या पातीने मरायचे, या ज्या नियमाविरुद्ध त्या पोराची सगळी कथा होती, तोच नियम त्याच्या मरणाने पुरा झाला. स्वतःच्या मर्जीने मेला, हे खरे. पण शिक्का जिवंतपणी पुसायचा होता. नारुतो पुढे होकागे झाला. ते वचन फेडल्याचा प्रसंग मूळ कथेच्या पानांवर आम्हांला सापडला नाही.

याच कथेतले जिरायाचे मरण शेजारी ठेवून पाहा. नारुतोचा हा गुरू एकटाच पेनच्या मुलखात जातो आणि मारला जातो. गळा चिरडलेला, बोलता येत नाही, म्हणून शेवटच्या बळाने बेडूकगुरूच्या पाठीवर सांकेतिक आकडे कोरतो आणि पाण्यात बुडतो. आकड्यांचा उलगडा व्हायला वेळ लागतो. उलगडा झाल्यावरही पेन येऊन अख्खे गाव जमीनदोस्त करतोच. पुढे गावातले त्या दिवशी मेलेले लोक उठतात, जिराया मात्र उठत नाही. विजयाच्या भाषेत त्याच्या हाती फारसे लागले नाही. पण लेखकाने त्याचे मरण वाऱ्यावर सोडले नाही. शिष्याने त्याच्यासाठी रात्री बाकावर बसून रडावे, हातातले थंड वितळू द्यावे, आणि गुरूच्या मारेकऱ्यासमोर उभे राहिल्यावर सूड घ्यायचा की गुरूचे पुस्तक आठवायचे हे ठरवावे, इतके सगळे त्याने मागे ठेवले. नेजीला हे मिळाले नाही. त्याच्यासाठी कुणाला थांबायला वेळच नव्हता.

तेव्हा मेलेल्याचे कथेकडे काही देणे असते, हे आम्हांलाही मान्य आहे. भांडण नाण्यावरून आहे. शत्रूच्या रक्तात ते देणे फिटत नाही. 'डीमन स्लेयर'चा २०२० मधला आगगाडीचा चित्रपट जपानमध्ये चार हजार कोटी येनांच्या वर गेला आणि 'स्पिरिटेड अवे'चा विक्रम त्याने मोडला; तो काही राक्षस मेला म्हणून नव्हे. रेंगोकू मरतो आणि आकाझा पहाट होताच रानात पळून जातो. तांजिरो नुसता त्याच्यामागे ओरडत राहतो: रेंगोकू हरलेले नाहीत, गाडीतल्या दोनशे माणसांपैकी एकालाही त्यांनी मरू दिले नाही, हरलास तू! पोर रडतरडत हिशेबाची वहीच बदलून टाकते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे हिंदीतूनही लागलेल्या पुढच्या चित्रपटात शिनोबू मरते. तिने वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या शरीरात विष मुरवलेले असते. राक्षसाने गिळल्यावर मूळ कथेत ते पुढे कामी येते. वसुलीवाले खूश. पण विषाची मात्रा किती होती हे मोजण्यात आम्हांला रस नाही. वर्षभर हसतमुखाने वावरताना तिने ते कुणाला सांगितले होते आणि ज्या मुलीला सांगितले तिच्यावर ते ऐकून काय गुदरले, तिथे ती कथा आहे.

मेलेल्याचे देणे पाठवणाऱ्यानेही फेडायचे असते, आणि याबाबत हाजिमे इसायामा यांच्या 'अटॅक ऑन टायटन'इतकी (२००९ ते २०२१) स्पष्ट कथा आम्हांला ठाऊक नाही. शिगानशिनाच्या लढाईत सेनापती एर्विन नवशिक्या पोरांना घोड्यांवर बसवून दगडांच्या माऱ्यात थेट घुसवतो, का तर लिवायला बाजूने शत्रूपर्यंत पोहोचता यावे. मेलेल्यांना अर्थ द्यायचा तो जिवंतांनी, असे तो पोरांना सांगतो. पोरे मरतात. लिवाय पोहोचतो, शत्रूला लोळवतोही; पण ऐन वेळी दुसरा टायटन त्याला तोंडात धरून पळवतो. त्या हल्ल्यातून जगलेला एकटा फ्लॉक अर्धमेल्या एर्विनला पाठीवर आणतो आणि मागणी करतो, की औषध यालाच द्या, सैतानच हवा. लिवाय त्याचे ऐकत नाही. हाच फ्लॉक पुढे काय होतो ते आठवा. एवढी माणसे गेली त्याचे मोल मिळालेच पाहिजे म्हणत तो अखेर समुद्रापलीकडचे सगळे जग तुडवायला निघालेल्यांचा म्होरक्या होतो. मरण वसूल करण्याची भूक वाढत गेली की तिला एक शत्रू पुरत नाही.

आणि या कथेच्या अगदी सुरुवातीचे ते दृश्य. मोहिमेहून परतलेल्या तुकडीसमोर एक म्हातारी येते आणि आपला मोझेस कुठे आहे म्हणून विचारते. सेनापती कीथ शाडिस कापडात गुंडाळलेला एक हात तिच्या ओंजळीत ठेवतो; एवढेच परत आणता आले. ती कोसळते. मग डोळे पुसून विचारते, की माझा मुलगा काही कामी तरी आला ना? शाडिस 'अर्थातच' म्हणू लागतो. शब्द घशात अडकतो. आणि भर रस्त्यात, जमलेल्या गावासमोर तो ओरडून कबूल करतो, की नाही, आम्हांला काहीही मिळाले नाही, माझ्या नालायकीमुळे ही पोरे मेली.

१९३२ च्या वृत्तपत्रांनी त्या म्हातारीला 'हो' म्हटले असते. १९७८ च्या चित्रपटानेही म्हटले असते. 'मरण वसूल झाले पाहिजे' म्हणणारे आमचे तरुण मित्रही, तिच्यावरच्या प्रेमापोटी, तिला 'हो' असेच सांगायला लावतील. शाडिसने तिला ते दिले नाही. पुढे शेवटाकडे हाच शाडिस शत्रुपक्षाच्या सेनापतीबरोबर एका युद्धनौकेच्या दारूगोळ्यात स्वतःला उडवून देतो. त्या स्फोटाने पाठलाग थांबतो, नायकांची नाव निसटते. म्हणजे या खेपेस मोबदला मिळाला, तक्रारीला जागा नाही. ते मरण आम्ही मानतो. पण म्हातारीसमोर तोंडातला 'अर्थातच' परत गिळणारा शाडिस आम्हांला त्याहून अवघड वाटतो. त्या दिवशी त्याच्यासोबत मरायला कुणी नव्हते, आणि उद्या सकाळी त्याच रस्त्याने पुन्हा जायचे होते.